विद्यापीठातील एक दुर्लक्षित कार्यालय आणि आपण



आपल्या समाजात विद्यापीठाचा विषय निघाला की चर्चा बहुधा तीन गोष्टींभोवती फिरते : प्रवेश, शिष्यवृत्ती आणि त्यानंतरची नोकरी. हे स्वाभाविकच आहे. ज्या घरांत पहिली पदवी आमच्या आईवडिलांच्या किंवा आमच्याच पिढीत आली, त्या घरांना या तीन पायऱ्या चढतानाच अर्धे आयुष्य खर्ची घालावे लागले. परंतु प्रत्येक मोठ्या विद्यापीठात आणखी एक कार्यालय असते आणि त्याचा उल्लेख आपल्या घरांत, जयंतीच्या व्यासपीठावर किंवा धम्मपरिषदेत आम्ही आजवर क्वचितच ऐकला आहे. संशोधनाला निधी मिळवून देणे, शोधाचे पेटंट घेणे, ते परवान्याने एखाद्या उद्योगास देणे किंवा संशोधकालाच कंपनी उभारण्यास साहाय्य करणे हे त्या कार्यालयाचे काम. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने प्रत्येक राज्य विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र संचालकपदाची तरतूद केली आणि त्या विभागाला ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य’ असे नाव दिले. नाव इतके भारदस्त आहे की एखाद्या बुजऱ्या विद्यार्थ्याने दारावरची पाटी वाचूनच माघारी फिरावे.

ते माघारी फिरणे आपल्याला परवडणारे नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आम्ही ज्या गावात राहतो तेथून सुरुवात करतो.

झल्लाक हे बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गाव. येथून जवळच, सखीरच्या रेताड माळावर, बहरीन विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे. हे विद्यापीठ १९८६ साली दोन संस्था एकत्र करून स्थापन झाले. बहरीनला सौदी अरेबियाशी जोडणारा २५ किलोमीटरचा राजा फहद सेतूही त्याच वर्षी वाहतुकीस खुला झाला. येथून थोडे आत गेले की जबल दुखान ही टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी १९३२ साली आखाताच्या अरबी किनाऱ्यावरील पहिली तेलविहीर लागली. तेल सर्वांत आधी सापडले आणि साठे शेजाऱ्यांच्या मानाने थोडे, त्यामुळे ‘तेल संपल्यावर काय?’ हा प्रश्नही या देशाला सर्वांआधी पडला. ॲल्युमिनियमचा कारखाना, बँका, विद्यापीठे ही सारी त्या प्रश्नाला शोधलेली उत्तरे होत. आमच्यासारख्या परदेशी नोकरदारांचा त्या विद्यापीठाशी संबंध कुंपणाबाहेरूनच येतो, आणि त्याच्या कारभाराविषयी निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या कुंपणावरून येता-जाता या देशाचा तो जुना प्रश्न आम्ही आपल्या समाजाला लावून पाहत असतो.

आपल्या समाजाची तेलविहीर म्हणजे सरकारी नोकरी. पोस्ट, रेल्वे, बँक, आयुध निर्माणी, शाळा, महसूल खाते या विहिरींतून दोन पिढ्यांनी पाणी काढले आणि त्यावरच आमची शिक्षणे झाली. आज कंत्राटीकरण, खासगीकरण आणि वर्षानुवर्षे न भरलेली पदे यांमुळे त्या विहिरीचा तळ दिसू लागला आहे. तिच्यासाठीचा लढा सोडून द्यावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण बहरीनने तेल उपसत असतानाच पुढचा विचार केला, तसा आपणही करावयास हवा. आपल्यापैकी अनेक जण परदेशांत नोकरीसाठी आले, हे त्या विचाराचे एक उत्तर झाले. मात्र आखातातील नोकरी ही शेवटी दुसऱ्याच्या मालकीच्या कारखान्यातील नोकरीच. मालकीचा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्ञानाची मालकी जेथे ठरते, त्या ठिकाणांपैकी एक हे कार्यालय आहे.

त्याचे काम कसे चालते, हे एका उदाहरणाने सांगतो. मराठवाड्यातील आमच्या परिचयाच्या एका संशोधिकेने ज्वारीच्या कडब्यापासून वस्तू बांधण्याचे पुठ्ठ्यासारखे साहित्य तयार केले. घरात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ती पहिलीच. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून तिने हे काम एका परिषदेत सादर केले, निबंध छापून आला, सर्वांनी कौतुक केले. वर्षभराने एका उद्योजकाने विचारणा केली तेव्हा कळले की पेटंटचा अर्ज करण्यापूर्वीच शोध प्रसिद्ध झाल्यामुळे त्याचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपले आहे. तिला हे आधी सांगणे ज्या कार्यालयाचे कर्तव्य होते, ते तिच्या संस्थेत कागदोपत्री अस्तित्वात होते. संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही. अशा संस्था पुष्कळ आहेत.

आता हेच काम नीट झाले असते तर कसे झाले असते? परिषदेला जाण्यापूर्वी तिने आपल्या शोधाची माहिती कार्यालयाकडे एका विहित नमुन्यात दिली असती. तेथील जाणकाराने जुनी पेटंटे तपासून यात खरोखर नवे काय आहे हे ठरवले असते. नंतर तात्पुरता अर्ज दाखल झाला असता. तो दाखल झाल्यावर पूर्ण अर्ज करण्यास १२ महिन्यांची मुदत मिळते आणि निबंध सादर करण्यासही अडचण राहत नाही. पेटंट मिळाल्यास ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. २०२१ साली पेटंट नियमांत झालेल्या दुरुस्तीने शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली आहे, म्हणजे ‘आमच्याकडे पैसा नाही’ हे कारण निदान शुल्कापुरते तरी उरलेले नाही. संस्थेची साधने वापरून शोध लागला असेल तर मालकी सहसा संस्थेची राहते, पण संशोधक म्हणून नाव मात्र ज्याने शोध लावला त्याचेच लागते, आणि उत्पन्नात त्याचा वाटा किती हे संस्थेच्या बौद्धिक संपदा धोरणात लिहिलेले असते. हे धोरण मागून घेऊन वाचणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे. आमच्या संगणक क्षेत्राची तऱ्हा थोडी निराळी : भारतीय कायद्यात निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट मिळत नाही, तिला स्वामित्व हक्काचे म्हणजे कॉपीराइटचे संरक्षण असते. तेथेही ‘मालक कोण’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो.

पेटंट ही मात्र केवळ सुरुवात. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कल्पना आणि बाजारात विकता येणारी वस्तू यांच्यामध्ये एक लांब, कोरडा पट्टा असतो. संशोधनाचा निधी तेथे संपलेला असतो आणि गुंतवणूकदार अजून आलेला नसतो. नमुना तयार करणे, चाचण्या, परवानग्या, पहिले गिऱ्हाईक हे सारे याच पट्ट्यात असते. बहुतेक कल्पना येथेच मरतात.

हा पट्टा सधन घरातील तरुण कसा ओलांडतो? मामाचा कारखाना असतो, तेथे नमुना करून मिळतो. काकांचे मित्र सनदी लेखापाल असतात, ते कंपनीची नोंदणी करून देतात. वडील दोन वर्षे घरखर्च सांभाळतात. सासरे पहिली मोठी ऑर्डर मिळवून देतात. हे सर्व कोणी भ्रष्टाचार म्हणून करत नाही. आप्तांसाठी माणसे करतात तेच ते करतात. परंतु त्या आप्तांची जात बहुधा एकच असते आणि भांडवलही पिढ्यान्पिढ्या त्याच घरांतून फिरत आलेले असते. म्हणून आम्ही म्हणतो की ज्याच्याकडे असा मामा आहे त्याला विद्यापीठाच्या या कार्यालयाची फारशी गरज नसते. ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठी हेच कार्यालय मामा, काका आणि सासरा असते. ते चांगले चालते की वाईट, हा आपल्यासाठी प्रतिनिधित्वाचाच प्रश्न आहे. उद्योगविकासाच्या चर्चेत तो विरून जाता कामा नये.

चांगले चालले तर काय होते, हे मुंबईतच दिसते. आयआयटी मुंबईने २००४ साली ‘साइन’ ही संस्था आपल्या आवारात नवउद्योगांसाठी सुरू केली. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही कंपनी तेथेच वाढली आणि २०२३ साली शेअर बाजारात नोंदली गेली. त्याहून महत्त्वाचे उदाहरण कर्करोगावरील उपचाराचे. प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सहकार्याने, रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याचा ‘नेक्सकार-१९’ हा उपचार तयार झाला. त्यासाठी २०१८ साली इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियामकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील अशाच उपचारांच्या मानाने त्याचा खर्च सुमारे एक दशांश असल्याचे सांगितले जाते. ती रक्कमही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचीच आहे, हे विसरता येत नाही. तरीही प्रयोगशाळेतील काम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले ते मधल्या पट्ट्यात कोणीतरी हात दिला म्हणून.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने असे परवाना कार्यालय १९७० मध्येच सुरू केले. तेथील दोन विद्यार्थ्यांनी संशोधनातून उभारलेल्या गुगलचे मूळ पेटंट विद्यापीठाच्या नावावर होते; परवान्याच्या मोबदल्यात मिळालेले समभाग विकून २००५ पर्यंत विद्यापीठाला ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. हा आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणून त्याच्याकडे जरा सावधपणे पाहावे. बहुतांश विद्यापीठांना अशी लॉटरी कधीच लागत नाही, आणि कार्यालयाची किंमत त्यावरून ठरवणे चूक आहे.

येथे आपल्यातीलच काही मंडळी आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. शिक्षणाच्या व्यापारीकरणाविरुद्ध आपण इतकी वर्षे बोलत आलो, शुल्कवाढीविरुद्ध मोर्चे काढले. आता तुम्ही संशोधनाच्या व्यापारीकरणाचे गुणगान करता काय? आमचे उत्तर असे की या दोन गोष्टींना मराठीत एकच शब्द लागतो, हे आपले दुर्दैव. पहिल्यात विद्यार्थ्याला गिऱ्हाईक केले जाते. दुसऱ्यात विद्यार्थ्याने निर्माण केलेल्या ज्ञानाचे मोल त्याच्या व लोकांच्या पदरात पडावे, अशी व्यवस्था असते किंवा असावयास हवी. ‘असावयास हवी’ असे मुद्दाम म्हणतो, कारण जनतेच्या पैशातून झालेले संशोधन एखाद्या कंपनीला कवडीमोलाने देऊन टाकण्याचा धोका खरा आहे. १९८० च्या कायद्याने अमेरिकेने सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली, त्यावर तेथे आजही वाद चालू आहे. तथागतांनी सांगितलेली सम्यक आजीविका या ठिकाणी आठवते. उद्योग वर्ज्य नाही. तो कशाचा आणि कोणाच्या हिताचा, हे पाहायचे.

बाबासाहेबांच्या जीवनातील एक तपशील या संदर्भात आम्हांस फार बोलका वाटतो. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर झाले; ती महिना साडेअकरा पौंडांची होती. तेथील त्यांचा प्रबंध १९१७ पर्यंत तयार होता. पण विद्यापीठाच्या नियमानुसार छापील प्रती सादर केल्याशिवाय पीएच.डी. मिळत नसे. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी मिळाली १९२७ साली. दहा वर्षे! बुद्धी होती, श्रम झाले होते, ज्ञान निर्माण झाले होते. अडले होते ते पुढच्या टप्प्यावर. मधल्या काळात त्यांनी लंडनहून रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्‌सी. मिळवली, १९२३ साली तो ग्रंथ छापला आणि १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्याच विषयावर साक्ष दिली. (रिझर्व्ह बँक एकट्या बाबासाहेबांनी स्थापली, असे जे संदेश आपल्या भ्रमणध्वनींवर फिरतात ते पुढे पाठवणे आता थांबवावे. त्यांचे खरे कर्तृत्व त्या अतिशयोक्तीवाचूनही पुरेसे मोठे आहे.) प्रबंध कपाटात न ठेवता तो देशाच्या धोरणापर्यंत नेला, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात असताना, १९४२ च्या निवेदनात, त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी उच्च विज्ञान व तंत्रशिक्षणावर भर दिला. केवळ कला व कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आज या मार्गावर सरकारी योजना नाहीतच असे नव्हे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२० रोजी ‘आंबेडकर सामाजिक नवोपक्रम व इन्क्युबेशन मिशन’ सुरू केले. उच्च शिक्षण संस्थांतील इन्क्युबेशन केंद्रांमार्फत चार वर्षांत अनुसूचित जातींचे १,००० तरुण शोधायचे आणि निवड झालेल्याला तीन वर्षांत ३० लाख रुपये भागभांडवल म्हणून द्यायचे, असे तिचे स्वरूप. झल्लाकमध्ये आमच्या घरी जमलेल्या चार कुटुंबांत आम्ही विचारले, तेव्हा एकानेही तिचे नाव ऐकले नव्हते. त्यांत तीन अभियंते होते. योजनेचा मार्ग कोठून जातो, हे पाहा : विद्यापीठातील इन्क्युबेशन केंद्रातून. म्हणजे त्या केंद्रात जो पोहोचला नाही, त्याच्यासाठी ती योजना नाहीच. प्रवेशाला आरक्षण आहे, अधिछात्रवृत्ती निदान कागदावर आहे (ती हाती पडावी म्हणून ‘बार्टी’च्या संशोधकांना २०२३ साली आझाद मैदानावर धरणे धरावे लागले, हा भाग वेगळा), पण नवउद्योगांची निवड करणाऱ्या समितीत कोण बसते, मार्गदर्शक कोण असतात, कोणाच्या अर्जाला किती मिनिटे मिळतात, याचा सामाजिक हिशेब कोणी मागत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार संस्था आपल्या साहाय्याच्या मोबदल्यात नव्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. जेथे सार्वजनिक संस्था भागीदार होते, तेथे भागीदार कोणाशी झाली हे विचारणे गैर कसे?

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपण १९७८ ते १९९४ असा लढा दिला. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे आणि इतर अनेकांनी त्यासाठी प्राण वेचले. त्या विद्यापीठातही आज इन्क्युबेशन केंद्र आहे. प्रवेशद्वारावर बाबासाहेबांचे नाव आहे. आतील त्या केंद्रात खेड्यापाड्यांतून आलेली आपली मुले किती आहेत, हे विचारण्याची पाळी आता आपली आहे.

परदेशस्थ कुटुंबांनी काय करावे, याविषयी आमच्या मनात काही ठोस गोष्टी आहेत. येथील बहुतेक मुले भारतीय शाळेत शिकून पुढे अभियांत्रिकीसाठी मायदेशी जातात. आखातातील भारतीय नोकरदारांच्या मुलांसाठी राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत राखून ठेवलेल्या जागांचा लाभ घेऊन काही जण नागपूरलाही जातात. दीक्षाभूमीच्या शहरात मूल शिकते आहे याचा आपल्याला अभिमान असतो. प्रवेश घेताना आपण शाखा, वसतिगृह आणि नोकरीच्या पॅकेजची चौकशी करतो. त्याच दिवशी त्या संस्थेचे बौद्धिक संपदा धोरणही मागावे. स्वतःच्या नोकरीचा करारही एकदा काढून पाहावा. सेवेत असताना केलेला शोध कंपनीचा राहील, असे कलम अनेक करारांत असते आणि ते वाचलेले लोक फार थोडे.

दुसरे, देणगीपेक्षा वेळ द्यावा. आपल्या मंडळांत संगणक, तेल व वायू, वीज, रुग्णसेवा, गुणवत्ता तपासणी या क्षेत्रांत पंधरा-वीस वर्षे काढलेली माणसे आहेत. मघाशी सांगितलेल्या त्या कोरड्या पट्ट्यात नवख्या संशोधकाला हव्या असतात त्या याच गोष्टी : चाचणी कोठे करावी, प्रमाणपत्र कोणते लागते, दर काय लावावा. इन्क्युबेशन केंद्रे मार्गदर्शकांची यादी ठेवतात. त्या यादीत आपली नावे असावीत. शुक्रवारी सुटीच्या दिवशी दूरचित्र संवादाने एक तास देणे अवघड नाही. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एका संशोधकाच्या पेटंट वकिलाचा खर्च उचलता येईल. शुल्कात सवलत असली तरी मसुदा लिहिणाऱ्याचे मानधन द्यावेच लागते आणि तेथेच आपली मुले थांबतात. यंदा मिरवणुकीचा ध्वनिक्षेपक एक आकाराने लहान घेतला तरी चालेल.

तिसरी गोष्ट माहितीच्या अधिकाराची. २००५ चा हा कायदा भारतीय नागरिकाला परदेशातूनही वापरता येतो. झल्लाक आणि मनामा येथील आम्ही काही जणांनी मिळून एक अर्ज तयार केला आहे. गेल्या पाच वर्षांत इन्क्युबेशन केंद्रात किती अर्ज आले, त्यांपैकी अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांचे किती, किती निवडले गेले, निवड समितीची रचना कोणत्या नियमाने झाली, विद्यापीठाने किती पेटंट अर्ज केले व किती परवान्याने दिले, आणि आंबेडकर मिशनसाठी किती नावे पाठवली, एवढेच त्यात विचारले आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक राज्य विद्यापीठाकडे तो स्वतंत्रपणे पाठवायचा आहे. ज्या कुटुंबांतील मुले किंवा भावंडे अशा विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण वा संशोधन करीत आहेत, त्यांनी विद्यापीठाचे व विभागाचे नाव आम्हांस कळवावे. प्रत्येक विद्यापीठासाठी तेथीलच एक विद्यार्थी आणि येथील एक पालक अशी जोडी करून वर्षावास सुरू होण्यापूर्वी अर्ज रवाना करावयाचे आहेत.